कागदावरचा थोरला

हिर्डोशी नाका, कार्तिक शुद्ध पंचमी, सन १९४१

तीर्थस्वरूप दादा (कचेरीच्या हिशेबानं चिरंजीव रखमाजी) यांना सोनबाचा शिरसाष्टांग नमस्कार. वेल्ह्याच्या तुमच्या शाळेत थंडी लवकर शिरते, गुडघे जपावेत. वहिनींची नाचणीची भाकरी अजून माझ्या स्वप्नात येते, एवढं त्यांच्या कानावर घालावं.

सदतीस वर्षं नाक्याचा आडवा बांबू वर-खाली करून मी पंचावन्नाच्या नियमानं या महिनाअखेर सुटतो. म्हातारपणच्या फंडासाठी सरकार पगारातून रुपयामागं एक आणा सक्तीनं कापतं. आधी मी चिडलो (सडाफटिंग माणसाला कसलं म्हातारपण), पण पुढं त्या आण्यांचा लळाच लागला. दुपारी रस्ता रिकामा झाला, डोंगरावरून ढग सावकाश उतरू लागले, की मी मनानं त्या साठलेल्या आण्यांजवळ जाऊन बसे. त्यांचा उत्रोलीच्या आपल्या बांधावर आंबा होई, आंब्याखाली दोन आरामखुर्च्या येत, आणि आपण दोघं भाताकडे बघत राहू. (या तंद्रीत दोन बैलगाड्या नाक्याची पट्टी न भरता गेल्या. ती मी पदरची भरली.)

परवा फंडाचा अर्ज घेऊन पहाटेच भोरला निघालो. खुर्च्या वेताच्या घ्याव्यात की लाकडी, या विचारात भोर मागं पडलं आणि थेट उत्रोलीत जागा झालो. परत फिरून आनंदराव कारकुनांपुढं कागद ठेवला. त्यावर एका नातलगाचं नाव लागतं, ते मी तुमचं घातलं होतं. थोरला भाऊ, वय चोपन्न. अर्जदार, म्हणजे मी, वय पंचावन्न. आनंदरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कागद परत दिला.

आठवतं ना? वडील गेले त्या साली तुम्हीच मला कचेरीत उभं केलंत आणि म्हणालात, "पोरगं अठरा पुरं हाय, सायेब." मी पंधराचा. तुम्ही सतराचे, पण स्वतःसाठी तुम्हाला खोटं बोलवेना. आता खरं सांगावं तर आणखी तीन वर्षं नाका, आणि फंडही तोवर बंद. तुमचं वय वाढवावं तर शाळा तुम्हाला याच साली घरी बसवेल. दादा, मला आता थांबवत नाही.

आपला धाकटा (फंड हाती येईपर्यंत थोरला)
सोनबा

ता. क. सोबतच्या कागदावर 'धाकटा भाऊ' असं लिहून सही करावी. वहिनींनी मला वाकून नमस्कार करण्याची गरज नाही, आशीर्वाद मी टपालानं पाठवीन.

आणखी ता. क. सहीच्या वरची ओळ वाचू नये. वाचलीच, तर रागावू नये. मी आधी गेलो तर फंड कुणाला द्यायचा, त्याचा तो रकाना आहे. धाकट्याची सोय थोरल्यानं बघायची असते, हे तुम्हीच मला शिकवलंत.