चाचणीचा भोंगा

सोमवार

चि. भोंगोबास मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुमच्या कारखान्याच्या वसाहतीत दूधवाला तेवढा रोज ये-जा करतो, म्हणून त्याच्या हाती हे धाडतोय. तू कर्ण्यावरून बोलायला लागल्यापासून मामीचे पाय जमिनीवर नाहीत. भोंगा वाजून गल्ली दचकली, की तू म्हणतोस, ही चाचणी आहे, घाबरू नका. लगेच ही दारोदार सांगते, आमचा भाचा खोटं बोलायचा नाही.

पण कालच्या चाचणीनंतर डोळ्यांना अशी धार लागली, की सुईत दोरा ओवेना. दारातल्या कुंडीतली पानं करपली. मामी म्हणते, तुमचं वय झालं. माझं झालं, कबूल. कुंडीचंही झालं का? खरं काय ते कळव.

तुझा मामा

बुधवार

ती. मामांस सा. न. वि. वि.

चाचणी नव्हती. आधीच्याही नव्हत्या. टाकीची झडप झिजलीय, वायू सुटतो. नवी येईपर्यंत चाचणी म्हण, लोकांत घबराट नको, असं साहेब म्हणतात. पहिल्यांदा जीभ अडखळली, आता सरावली. आम्हाला फाटकाबाहेर सोडत नाहीत. मामीला घेऊन पुलापलीकडे ताईकडे जा. कुणाला बोलू नका, माझी नोकरी जाईल.

आपला भाचा

गुरुवार

चि. भाच्यास आशीर्वाद.

आम्ही दोघं निघू रे, पण गल्लीचं काय? मी सगळ्यांना सांगितलं. शेजारचा न्हावी म्हणाला, तुमच्याच भाच्याने चाचणी म्हटलं ना? मी म्हटलं, तो खोटं बोलला. तर म्हणतो, मग आता त्याचं का ऐकायचं? खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथे तो भलत्यांच्याच कपाळी बसणार, अशी धास्ती वाटते.

पुन्हा भोंगा वाजला तर खरं सांग. नोकरी गेली तर माझं शिलाई मशीन आहे, काजं-बटणं शिकवीन. तोवर आम्ही हलत नाही.

तुझा मामा

शनिवार

चि. बाळास आशीर्वाद.

सकाळी भोंगा झाला आणि तू ओरडलास, वायू सुटलाय, पुलाकडे पळा. ऐकलं रे, बाळा. न्हावी गिऱ्हाइकाला म्हणाला, आज भाचा रंगात आलाय. तरी तुझा आवाज ऐकून काही घरं बाहेर पडली. इतक्यात तुझं बोलणं मध्येच तुटलं आणि दुसरंच कुणी सांगू लागलं, ही चाचणी आहे. निघालेली माणसं अर्ध्या वाटेवरून माघारी वळली.

मामी माझ्यासोबत पूल ओलांडून आली होती. म्हणाली, माझ्याच भरवशावर ही माणसं निर्धास्त बसायला शिकली, आता मीच त्यांना ओढून आणते. हात धरला तर झटकला. मी मागोमाग निघेपर्यंत शिपायांनी पूल बंद केला.

पुलाच्या तोंडाशी बसून लिहितोय. वारा गल्लीकडे वाहतोय. तिकडून माणूस सोड, कुत्रंसुद्धा येताना दिसत नाही.

तू कुठे आहेस, एवढं कळव. रागावलो नाही. लोभ होता तसाच आहे.

तुझा मामा