आधी बापाला मार

वसमत
१४ मार्च २०२५

ती. भीमादादा,
सप्रेम जयभीम.

ह्याच्यापुढं 'तू खुशाल असशील' असं लिहायची रीत आहे. जेलातल्या माणसाला ते कसं लिहू? इकडचं सांगते. बाबांची शुगर ताब्यात आहे, मायचं रडणं ताब्यात नाही. राणी वहिनीच्या कोपरात घुसलेली काच निघाली. टाके पडलेत, पण ती घरातलं काम करून राहिली आहे.

काच कुठली म्हणशील. तुला आत नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी योगेशचे चुलते जवळा बाजारहून पिकअप भरून आले आणि तुझं झेरॉक्सचं दुकान फोडलं. प्रिंटर रस्त्यावर आपटला. दोन्ही कॉम्प्युटर कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठेचले. वहिनी मधे पडली, तर तिला काउंटरच्या काचेवर ढकललं. मग आपल्या गल्लीतली पोरं काठ्या घेऊन त्यांच्या मागं निघाली. त्यांना बाबांनी अडवलं. तोंडानं नाही, चौकात रस्त्यावर आडवे पडून. "जायचं तर माझ्या अंगावरून जा," म्हणाले. पोरं थांबली, पण अजून धुमसत आहेत. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना आता ह्या भांडणात जात सापडली आहे. चौकात पोलिसांची गाडी उभी असते.

मीपण एकाला मारलं. वहिनी तुला सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. अमृतरावांच्या हॉटेलात मी बाबांसाठी चहा घ्यायला गेले होते. बाकावरचा एक जण म्हणाला, "करुणाताई, आधी बाप मारायचा का पोरं? आमाला बी शिकवा." सगळं हॉटेल हसलं. माझ्या हातात गरम चहाचा गिलास होता, तो मी त्याच्या तोंडावर फेकला आणि वर एक कानफटात दिली. अमृतरावांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. वाईट वाटलं का? नाही वाटलं. अजूनही वाटत नाही. हात दिवसभर झिणझिणत होता, आणि मला ते बरं वाटत होतं. आपल्या घरात हे रक्त सगळ्यांतच आहे.

लोक हसतात, कारण वकीलसाहेबांनी सांगितलेली हकीकत आता सगळ्या वसमतला पाठ झाली आहे. ती अशी. माझा फोन तुझ्या काउंटरवर चार्जिंगला होता. त्यावर योगेशचा मेसेज आला: "नुसती पोरं मारून जमत न्हाई. बाप जिता हाय तवर नवी पोरं आणीत राहतो. आधी बापाला मार. मी दुपारी येऊन राहिलो." तू तो वाचलास. तुझ्या डोळ्यांपुढं आपले बाबा आले, तुझी लेकरं आली. डोकं फिरलं. दुपारी योगेश लॅपटॉपची बॅग घेऊन दुकानात आला, आणि तू शटर ओढायची लोखंडी सळई उचललीस. ही बोली आमच्या 'बारी' प्रोग्रामची आहे, त्यात ज्याच्या हाताखाली बाकीचे चालतात त्याला बाप म्हणतात, हाताखालच्यांना पोरं म्हणतात, आणि अडकलेलं बंद करायचं म्हणजे मारायचं, हे बिचाऱ्या भीमराजला काय माहीत? वाचण्यात चूक झाली. बापाच्या जिवाच्या भीतीनं हात उठला.

वकीलसाहेब म्हणतात, उद्या जबाबात करुणानं एवढंच सांगितलं की दादाचा गैरसमज झाला, तर कलम हलकं होईल आणि तू जामिनावर घरी येशील. नाहीतर वर्षं जातील. मायनं काल माझ्यापुढं पदर पसरला. "दोन शब्द तर बोलायचेत, करुणा. खोटं थोडीच हाय ते?" बाबा तर माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत.

तर सगळ्यांचा जीव माझ्या जिभेवर टांगला आहे, आणि मी सकाळपासून हे पत्र लिहिते आहे. जेलात पत्रं आधी साहेब वाचतात म्हणे. वाचू देत. सगळ्यांना वाचता यावं असंच लिहायची मला सवय आहे.

ती सवय तुला कधी पटली नाही. दिवसभर मी पुण्याच्या कंपनीच्या वेबसाइटी करते. तिथं कुणाला उघडून बघायची परवानगी नाही. बटण गुलाबी करा, बटण निळं करा, पगार घ्या. आणि त्यातून उरलेला वेळ 'बारी'ला. मोंढ्यातल्या वजनकाट्यावर हळद घेऊन आलेल्या माणसाला गाडी लावून दिवसभर ताटकळावं लागू नये, आपली बारी कधी येणार ते त्याला मोबाइलवर दिसावं, एवढंच तिचं काम. मी आणि योगेशनं ती लिहिली आणि उघडी ठेवली. कुणीही फुकट घ्यावी, आत काय आहे ते बघावं, मोडलं असेल तर नीट करून पाठवावं. माय विचारायची, "फुकटचं काहून करता गं?" मी म्हणायचे, पाणपोई लावतात ना लोक, तसं. माय म्हणाली, "पानपोईवर लोकं थुंकतात बी." तेव्हा मी हसले होते.

खरं सांगते, त्या कामात मला जेवढं सुख मिळालं तेवढं कशातच नाही. केरळातल्या कुण्या बाईनं आमची बारी तिथल्या दवाखान्यातल्या रांगेसाठी घेतली, आणि आमच्यापेक्षा चांगली करून परत पाठवली. तिचा आमचा कधी फोनसुद्धा झाला नाही. असलं काही घडलं की योगेश घरून पेढे घेऊन यायचा आणि तुझ्याच दुकानात वाटायचा. तू पण खाल्लेस.

परवा मी योगेशला बघायला नांदेडच्या दवाखान्यात गेले. त्याची आई, कौशल्याबाई, दारातच बसली होती. तिनं मला आत जाऊ दिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुजा भाऊ हाय तो. जा माय, घरी जा." मग योगेशनंच आतून हाक मारली. डावा डोळा अजून बांधलेला आहे, दिसेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं काढून टाकली. राहिलेल्यांत सळ्या घातल्यात. तो डाव्या अंगठ्यानं फोनवर काहीतरी करून राहिला होता. मला म्हणाला, "तीन नंबरच्या काट्याचं पोरगं पुन्हा लटकलंय. बघ जरा."

दादा, आता बोलते. ती हकीकत चांगली आहे, फक्त खरी नाही. बाप आणि पोरं ही बोली योगेशची नाही. माझीही नाही. ती तुझी आहे. मी बारावीला होते, सुट्टीत दुकानात बसायचे. एकदा कॉम्प्युटर अडकला आणि मी एकेक खिडकी बंद करत बसले होते, बंद केली की पुन्हा उघडायची. तू मागून आलास, माझ्या डोक्यात टपली मारलीस आणि म्हणालास, "येडे, पोरं मारून काय व्हतंय? बाप जिता हाय तवर नवी आणीत राहतो. आधी बापाला मार." आणि कसं मारायचं ते दाखवलंस. मी किती हसले होते. पुढं योगेशला हे मी शिकवलं, तुझ्याच शब्दांत, कारण त्याहून सोपं मला आजवर कुणी सांगितलं नाही. काउंटरवर त्या दिवशी तू तुझंच वाक्य वाचलंस. तुला ते समजलं नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

आणि सळई. बापाला वाचवायला निघालेला माणूस डोक्यावर मारील, पाठीत मारील, गळा धरील. तू पहिला वार तोंडावर केलास, तो खाली पडला. तेवढ्यावर थांबला असतास तरी मी उद्या मायचं ऐकलं असतं, कदाचित. पण तू त्याचा हात ओढून उंबऱ्यावर धरलास. मनगटावर पाय दिलास. आणि बोटांवर मारलंस, एकेका बोटावर, नीट बघून. मी तुझा शर्ट धरला, तू मला कोपरानं झेरॉक्स मशीनवर ढकललंस. बोटं मोडताना वाळलेल्या हळदीच्या कांडीसारखा आवाज होतो, दादा. मी आता घरात हळद कुटू देत नाही.

तू तेव्हा काय म्हणत होतास ते दारातल्या सगळ्यांनी ऐकलं. "वाचायला शिकवतो व्हय मला? लिही आता. लिही!" लोकांना वाटलं, त्या मेसेजचंच काही असेल. त्यांच्या डोक्यावरून गेलं. माझ्या गेलं नाही.

दिवाळीनंतर कुणीतरी 'पिवळं सोनं' अशा नावानं बारीत भर घालून पाठवली होती. मेहनत पुष्कळ केलेली होती. पण त्यानं प्रत्येक शेतकऱ्याचा मोबाइल नंबर जगाला दिसला असता, आणि आधीच असलेल्या निम्म्या गोष्टी त्यात पुन्हा लिहिल्या होत्या. खाली बारीकडून उत्तर गेलं: "हे घेता येत नाही. जे आहे ते वाचलेलंच दिसत नाही. आधी वाचायला शिका, मग लिहा." ते सगळ्यांना दिसतं. आजही दिसतं.

पिवळं सोनं म्हणजे तू, हे मला तुझ्या तोंडून, त्या उंबऱ्यावर कळलं. वहिनीला विचारलं तेव्हा ती रडत म्हणाली, "गिऱ्हाईक सोडून कॉम्प्युटरपुढं बसायचे. करुणाला चाट पाडतो म्हणायचे. मग एक दिवस बंदच झालं, आन् बोलनं बी बंद झालं." दुकानावर येणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी ते उत्तर शोधून काढून तुला तोंडावर वाचून दाखवलं, हेही तिनंच सांगितलं. दादा, हे ऐकून माझं काळीज फाटलं. तू माझ्यासाठी लिहीत होतास. मला एकदा नुसतं म्हणाला असतास, तर मी तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले असते, जसा तू माझ्या शेजारी बसायचास.

पण त्यानं ती बोटं परत येत नाहीत. उद्या मी जबाबात सांगणार आहे, की भीमराजला त्या मेसेजचा अर्थ पक्का माहीत होता, मला तो त्यानंच शिकवला. मारताना तू काय बोललास आणि ते कशाबद्दल होतं, तेही सांगणार आहे. माय माझ्याशी बोलणं सोडील. वहिनी लेकरं घेऊन माहेरी कळमनुरीला जाईल. बाबांचं काय होईल ते मला माहीत नाही. तरी सांगणार आहे.

एक गोष्ट राहिली. ती तुला कोर्टात कळण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून एवढं सगळं लिहिलं. बाहेरच्यांना उत्तरं 'बारी' ह्या एकाच नावानं जातात. त्या नावामागं तुला योगेश दिसला, कारण बहीण असलं काही लिहील हे तुझ्या मनातही आलं नसेल. दादा, ते योगेशनं लिहिलेलं नाही. मी लिहिलं. कंपनीच्या कामानं डोकं उठलं होतं, रागात लिहिलं आणि विसरले. योगेशनं तर मला फोन करून म्हटलं होतं, "एवढं कडक काहून लिहिलं? कुणाचं तरी मन लागलं असंल त्यात."

त्याला माहीत होतं. तू त्याच्या बोटांवर मारत होतास आणि तो माझ्याकडं बघत होता. माझं नाव त्यानं एकदा घेतलं असतं तर सळई थांबली असती, की माझ्याकडं वळली असती, ते तुलाच ठाऊक. त्यानं नाव घेतलं नाही. मी तोंड उघडलं, आणि आवाज निघाला नाही.

तू पाठवलेलं मी आजही घेणार नाही, त्यानं लोकांचं नुकसान झालं असतं. फक्त उत्तर दुसऱ्या शब्दांत देईन.

मुलाखतीची परवानगी मिळाली की मी येईन. तू तोंड फिरवलंस तरी येईन. जाळीला हात लावून उभी राहीन, तेव्हा नीट बघून घे. माझी दहाही बोटं शाबूत आहेत.

तू शिकवलेली,
करुणा