पप्पांचं कानावरचं टायमिंग

८ डिसें., रवि.
पप्पांची गाडी परत धडधडतेय. माझ्या जन्माआधीची मोटारसायकल. प्लग नवा टाकला, कार्बोरेटर मीच उघडून साफ केला. फरक शून्य. चढ लागला की इंजिनातून टिणटिण, डब्यात खिळे हलवल्यासारखं. मागे बसून मला स्पष्ट ऐकू येतं.
"कुठाय आवाज? झकास तर चाललीय," पप्पा.

११ डिसें., बुध.
सकाळी किक उलटी आली. पप्पांची नडगी टम्म सुजली. आईचं सुरू, "विका ते भंगार."
म्हणजे स्पार्क फार लवकर पडतोय. बी.एस्सी. फिजिक्सला एवढं कळतं. पण टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडायचा ते, पप्पा स्वतः लावतात, कानाने. स्क्रू सैल करायचा, रेस देत देत स्पार्कची प्लेट फिरवायची, टिणटिण आली की जरा मागे, आवळला. अर्ध्या बिल्डिंगच्या गाड्या त्यांनीच लावल्यात. कधी चुकलं नव्हतं.

१४ डिसें., शनि.
पप्पा रिक्षाने कामावर, गाडी घरी. बल्ब जोडून पाहिलं. स्पार्क पडताना चाकावरच्या कंपनीच्या खुणेवर पेटायला हवा. खुणेच्या खूप आधी पेटतो. खुणेवर आणलं, मुलुंड कॉलनीच्या चढावर नेली. टिणटिण गायब.
आनंद झाला नाही. कारण टिणटिण आली की मागे घ्यायचं, हाच त्यांचा हिशोब. आणि ती त्यांना ऐकूच येत नाहीये. आख्खं आयुष्य प्रेस मशीनवर, कानात कापसाचे बोळे. आमचा टीव्ही खालपर्यंत ऐकू जातो, हसतो आम्ही. हायवेवर मागून हॉर्न वाजला तर?

१५ डिसें., रवि.
पप्पांना काही सांगितलं नाही. सकाळी बुद्धवंदनेत चौथं शील नुसतं पुटपुटलं. खोटं बोलणार नाही, म्हणे.
पप्पा चक्कर मारून आले. "बघ कशी पळतेय! कान अजून शाबूत आहेत आपले."
"हो," म्हटलं.
त्याच खुशीत खालच्या सावंतकाकांची गाडी लावून दिली. माझ्या "हो"मुळे.

१८ डिसें., बुध.
सावंतकाका जिन्यात, चारचौघांत, "काय गो, तुझ्या बापाशीन गाडी दुरुस्त केल्यान काय बिघडवल्यान?" सगळे हसले. मीपण.
संध्याकाळी त्यांच्या गाडीची चावी मागून घेतली, टायमिंग खुणेवर आणून दिलं.
पोरगी शिकली म्हणजे घरात एक तरी माणूस न घाबरता खरं बोलेल, असं पप्पा पाहुण्यांना सांगतात. मी काय करतेय हे.

२२ डिसें., रवि.
जिन्यातलं बोलणं पप्पांपर्यंत पोचलं असावं. परत आपल्या गाडीची प्लेट सैल केली. मी शेजारी, पाना धरून. रेस दिली, फिरवली, अजून फिरवली. टिणटिण सुरू झाली. हात थांबेना. मग थांबले. इंजिनाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.
"बाळा, वाजतंय का गं काही?"
असं कधी विचारलं नव्हतं.
सावंतकाका त्यांच्या गॅलरीत उभे. म्हणून हळूच म्हटलं, "वाजतंय पप्पा. बरेच दिवस. तुम्हाला ऐकू येत नाहीये ते."
त्यांनी मान हलवली. गाडी बंद केली, माझ्या हातातून पाना घेतला, पुसत बसले.
ऐकलं की नुसतीच मान हलवली, कळत नाही. जेवायला दोनदा हाक मारली. अजून खालीच आहेत.