आटलेल्या तळ्याकाठची मोजणी

४ ऑगस्ट, मंगळवार

पोचले एकदाची. ओरुरोहून ट्रकच्या मागे पिठाच्या पोत्यांवर बसून आले. नाकातोंडात इतकी धूळ गेली आहे की चहालाही तीच चव येते. तरी मजेत आहे. आजवर जनगणनेच्या ऑफिसात बसून इतरांनी आणलेले आकडे जुळवत होते. किती घरांत नळ, किती मुलं शाळेत, किती माणसं पोटासाठी चिलीला गेली. यंदा पहिल्यांदाच तेच आकडे मी स्वतः दारोदार फिरून आणणार.

गावाचं नाव पुएर्तो माकारियो. नावात बंदर आहे, पाणी मात्र नाही. तळं आटून बरीच वर्षं झाली. शेवटच्या घराच्या भिंतीपलीकडे आता नुसता मिठानं पांढरा, भेगाळलेला तळ आहे, नजर पोचेल तिथवर.

गावप्रमुख एलाडिओ काकांनी माझी पिशवी खाली घेतली. म्हणाले, "आम्हाला मोजायला आलात होय? मग कुत्रीपण मोजा, बाई. ती तरी चिलीला जात नाहीत." मुक्काम कासिल्दा मावशींकडे. मावशी जाड्या, बोलक्या, तीन स्कर्ट एकावर एक घालून चुलीपाशी बसलेल्या. सून रुफिना शांत, दिवस भरत आलेले. तिच्या वेणीत पांढरे केस दिसतात, म्हणजे पोर उशिराचंच. मुलगा सिल्वेरियो तळ्यावर गेला आहे म्हणाल्या. मीठ खणायला जात असावा. किन्वाचं सूप पोटभर प्यायले. लामाच्या लोकरीचं पांघरूण जड आणि ऊबदार आहे. इथे छान जमेल असं वाटतं.

५ ऑगस्ट, बुधवार

कामाला लागले. लोक चांगले आहेत, बसायला मेंढीचं कातडं अंथरतात, नको म्हटलं तरी उकडलेले बटाटे खायला लावतात. पण प्रत्येक घरात एक अडचण येते. घरात कोण कोण, असं विचारलं की समोरच्यांची नावं सांगून झाल्यावर एखाददुसरं पुरुषाचं नाव निघतंच. तो कुठे आहे? तळ्यावर. कधी येईल? येईल की.

पेत्रोना नावाच्या म्हातारीला विचारलं, तुमचा भाऊ तळ्यावर करतो तरी काय? ती म्हणाली, "मासे धरतो, दुसरं काय? तुमच्या ओरुरोत तळ्यावर नाचायला जातात वाटतं?" मुलीसुनांना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही.

आमचा नियम साधा आहे. आदल्या रात्री जो घरात झोपला, तो त्या घरचा. बाकी कुणाला धरायचं नाही. त्या सगळ्या पुरुषांना मी वगळलं. लोक वाद घालत नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतात.

पेत्रोनाच्या अंगणात भिंतीला जाळं टांगलेलं होतं. जाताना माझा खांदा त्याला घासला. ओलं होतं. धुतलं असेल.

६ ऑगस्ट, गुरुवार

स्वातंत्र्यदिन. शाळेच्या पटांगणात झेंडा लागला. मुलं इतकी थोडी की ढोल वाजवणाऱ्यालाच संचलनातही चालावं लागलं. नंतर काकांनी बिअरचा पेला पुढे केला, रीतीप्रमाणे पहिला घोट जमिनीला देऊन, आणि मुद्द्याचं बोलले. गावात डोकी कमी भरली तर दवाखाना बंद होणार, तसा निरोप आला आहे. नर्स इर्माला बदलीचा हुकूमही मिळाला. पुढचा दवाखाना ट्रकने अर्ध्या दिवसावर, तोही रस्ता कोरडा असला तर. मागच्या हिवाळ्यात एक बाळंतीण वाटेतच गेली.

म्हणाले, तळ्यावरची माणसं धरलीत तर आकडा सहज भरतो. मी म्हटलं, ती माणसं मला डोळ्यांनी दिसू देत. काकांनी हातातला पेला जमिनीवर ठेवला. "दिसतील, बाई. तेवढी घाई नको."

७ ऑगस्ट, शुक्रवार

नर्स इर्मा आज गेली. जाण्याआधी तिनं मला दवाखान्याच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं.

तळ्यात पाणी होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी गावातले बहुतेक पुरुष होड्या घेऊन गेले, वारा सुटला, आणि कुणी परत आलं नाही. एकही प्रेत हाती लागलं नाही. पुढे पाणी आटत गेलं तसे लोक काठावर येऊन बघायचे, आता सापडतील, आता सापडतील. सगळा तळ उघडा पडला तरी होडी नाही, वल्हं नाही, हाड नाही. मग गावानं ठरवून टाकलं की ते मेलेच नाहीत, अजून मासे धरताहेत.

मी विचारलं, सिल्वेरियोही त्यांच्यातलाच? हो म्हणाली. मग रुफिनाचं पोर कुणाचं? इर्मा ट्रककडे जायला उठली. म्हणाली, मी बाळाचे ठोके ऐकलेत, नोएमी. ठोक्यांच्या मागे पाण्याचा आवाज येतो. तू पण चल, आत्ता, आहेस तशी.

मी हसण्यावारी नेलं. एवढ्या वर्षांत रुफिनाच्या आयुष्यात दुसरा कुणी आला असेल, आणि गावानं ते पोटात घातलं असेल. त्यात काय मोठंसं.

८ ऑगस्ट, शनिवार

स्वतः बघून येऊ म्हणून सकाळी तळात उतरले. ऊन लख्ख, वारा बोचरा. मीठ खणल्याची खूण नाही, पायवाट नाही. गाव मागे लहान झाला तेव्हा परत फिरले, आणि पावलं दिसली. अनवाणी, मोठी, पुरुषाची. पलीकडून गावाकडे येणारी. जाणारी नव्हतीच. प्रत्येक पाऊल ओलं होतं आणि कडेचं मीठ विरघळत होतं.

पळत आले. मावशी बटाटे सोलत होत्या. मी धापा टाकत सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, उद्या रविवार, म्हणून येत असतील.

९ ऑगस्ट, रविवार

सकाळी काका आले, पाठोपाठ बायकाही. कुणी आवाज चढवला नाही. पेत्रोना म्हणाली, "लिहा ना, बाई. नाव लिहायला काय पडतं?" रुफिना भिंतीला टेकून उभी होती, हात पोटावर. तिला दवाखाना लागणार आहे हे मला दिसत होतं. मी तळ्यावरच्या सगळ्यांची नावं घातली. नोकरी गेली तर गेली.

दिवेलागणीला जेवायला बसलो. दार उघडलं आणि तो आत आला. ओला. वास माशांचा, माशांच्या बाजाराचा नाही, खोल पाण्याचा. मावशी खेकसल्या, "सिल्वेरियो, पाय पूस आधी. बाई बसल्यात समोर, जरा लाज वाटू दे." तो पाय पुसून बसला. मुकाट्यानं जेवला. तो पंचविशीच्या आतला आहे. रुफिना त्याची आई शोभेल. तिनं ताटावरून मान वर केली नाही.

माझ्याकडे बघून तो एकदाच हसला, आभार मानावेत तसा. दातांत पाणी होतं.

१० ऑगस्ट, सोमवार

आज ट्रकचा दिवस. उजाडताच पिशवी उचलली. गल्लीत प्रत्येक दारासमोर एकेक जण उभा, भिजलेला, तरुण, दाराकडे तोंड करून. वाट बघताहेत. त्यांच्या पायांखाली माती काळी पडली आहे.

ट्रक आला तसे काका धावत माझ्याकडे आले. ओठ पांढरे. "खोडा ती नावं, बाई. कागदावर घरचे झाले आणि हक्क सांगायला लागले. ते राहायला आले नाहीत, न्यायला आलेत. घरच्यांना घेऊन जाणार म्हणतात." मी तिथेच चौकात बसून नावं खोडली, कागद फाडला, तुकडे वाऱ्यावर सोडले. गल्लीतला एकही हलला नाही.

ट्रकवर चढत होते. एक पाय आत होता. मावशींच्या घरातून रुफिनाची किंकाळी आली. कळा सुरू झाल्या होत्या, आणि गावात नर्स नाही. मी ड्रायव्हरला थांब म्हटलं. तो गल्लीकडे बघत होता. थांबला नाही.

मी उडी मारली. का मारली ते —

मंगळवार

भेगांमधून पाणी वर येतंय. सकाळी घोट्याएवढं होतं तळात, आता शेवटच्या भिंतीला लागलंय. होड्याही आल्या. कुठून ते विचारू नये.

लोक स्वतःहून जाताहेत. पेत्रोना चांगली शाल घेऊन निघाली, भावाचा हात धरून, लग्नाला निघाल्यासारखी. मावशीही गेल्या. मला म्हणाल्या, "काय ठेवलंय इथं? चल तूपण, आमच्याच घरी जेवलीस ना." मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. चुलीवर सूप आहे म्हणाल्या.

काकांनी दाराला आतून फळ्या ठोकल्या होत्या. दुपारी मी गेले तर दार सताड उघडं. फळ्या आत, जागच्या जागी. उंबरठा ओला.

रुफिनाला जायचं नाही. माझा हात पिळवटून सांगत होती, माझं पोर कोरड्यावर जन्मू दे, नोएमी, त्याला तिकडे नको. दर रविवारी यायचा, नाही कसं म्हणू, माझाच नवरा. पण पोर नको.

तिला उचलून, ओढून गावातल्या चर्चमध्ये आणलं. उंचावर आहे. दार जाड आहे.

बुधवार असावा

मुलगी झाली. नाळ मी कापली. जमलं. रडली. श्वास आहे. सगळं माणसाचं आहे, बोटं, नखं, सगळं. फार थंड आहे. स्वेटरमध्ये गुंडाळून पोटाशी धरली.

सिल्वेरियो दाराबाहेर आहे. चिडत नाही. हळू बोलतो. दोघींना न्यायला आलोय, उशीर होतोय, म्हणतो.

पाणी पायरीवर —

नंतर

मला डुलकी लागली. जागी झाले तर रुफिना कपडे नीट करून उभी. म्हणाली, मी गेले की तो थांबायचा नाही, पोरीला सोडेल, तसं कबूल करून घेतलंय. मी पाय धरले तिचे. तिनं पोरीच्या कपाळाला ओठ लावले, मला म्हणाली, दार लाव लगेच, काही ऐकू आलं तरी —

गेली. कडी लावली. वल्ह्यांचा आवाज लांब गेला.

लांब गेला होता.

पोर रडायची थांबलीये. दाराकडे मान वळवून ऐकतेय. बाहेर रुफिना अंगाई म्हणतेय, अगदी जवळ, फळीला तोंड लावून. आवाज तिचाच. मी उघडणार नाही. कडी माझ्या मुठीत आहे, मी सोडलेली नाही, पलीकडून कुणीतरी माझी बोटं एकेक करून —