अण्णांचं एवढंच इंग्रजी

३ नोव्हें., सोमवार
आमच्या सेक्शनच्या पाटील साहेबांनी कॅन्टीनमध्ये सांगितलं. तपासणी विभागाच्या इन्चार्जच्या जागेसाठी माझं नाव पुढे केलंय. इंटरव्ह्यू पुढच्या सोमवारी, वरच्या मजल्यावर, इंग्रजीतून. बारा वर्षं महाळुंग्याच्या या कंपनीत पार्ट तपासतेय, नुसता हात फिरवून सांगेन कुठला बाद ते. पण इंग्रजी मला कुठलं यायला. जागा मात्र हवीय मला. मनापासून हवीय.

४ नोव्हें.
लेक सायली हिंजवडीच्या ऑफिसातून दीड तास कॅबमध्ये अडकून आली, तरी शिकवायला बसली. गुणाची पोर. कॅन म्हणजे जमतं. कुड म्हणजे पूर्वी जमायचं, शिवाय अदबीनं विचारायलाही तेच. मे म्हणजे परवानगी, नाहीतर होईल न होईल. माइट म्हणजे त्याहून कमी भरवसा. म्हटलं, एकाच शब्दाला दोन-दोन कामं लावलीत की, आमच्या कंपनीसारखी.
अण्णा पलंगावरून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "मे आय कम इन, सर." सायली बघतच राहिली आजोबांकडे.

६ नोव्हें.
दिवसभर तेच डोक्यात. अण्णा औशाकडच्या आमच्या गावच्या शाळेत शिपाई होते. दाराजवळच्या स्टुलावर तीस वर्षं पोरांकडून हे वाक्य ऐकलं, तेवढंच पाठ झालं. पाचवीत मला ते येईना. सर आत घेत नसत, बाहेर उभी. मग अण्णाच कानात सांगायचे.
संध्याकाळी घरी तालीम. अण्णा उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचे, आई भाकरी थापता थापता म्हणायची, "या की, कुणी अडवलंय." किती हसायचो. आईला जाऊन सहा वर्षं झाली. आज थोडं रडले.
अण्णांनी ते वाक्य शाळेत स्वतःसाठी कधीच वापरलं नाही. नोटीस घेऊन वर्गात जायचे तेव्हा दारात गप उभे राहायचे, सरांचं लक्ष जाईपर्यंत. तेव्हा मला त्यांची लाज वाटायची. आता माझीच वाटते.

८ नोव्हें., शनि.
पा. साहेबांचा सल्ला: काहीही विचारू देत, "येस सर, कॅन" म्हणायचं. आमच्याकडची रीतच ती. वरून काही आलं की सगळे म्हणणार, होऊन जाईल. मग खाली आम्ही घाम गाळायचा. रागच आला. पार्टला हिरवा स्टिकर लागतो नाहीतर लाल. होऊन जाईलचा स्टिकर नसतो राव.

१० नोव्हें., सोमवार
दार ढकलून उभी राहिले. वाक्य तोंडातून आलं ते थेट अण्णांच्या सुरात, सर लांबवून. आत तिघं, पा. साहेब बाजूला. बसा म्हणाले.
विचारलं, माल दुप्पट आला तर आहेत तेवढ्याच पोरी घेऊन संध्याकाळपर्यंत तपासून देऊ शकाल का? पा. साहेब मान हलवून खुणावत होते. मी म्हणाले, "आय कॅन चेक, सर. बट बॅड पार्ट मे गो." आणि लगेच, "मे आय टेक टू मोअर गर्ल्स?" एकानं काहीतरी लिहून घेतलं. पा. साहेबांचा चेहरा पडला. "कळवतो," एवढंच.
घरी अण्णा वाट बघत होते. "आत घेतलं का?" घेतलं म्हटलं. "बस म्हणले?" हो म्हटलं. मग जेवले बिचारे.

१३ नोव्हें.
फोन नाही. पा. साहेब कामापुरतं बोलतात. मी खोटं होय म्हणाले असते तर? नाही, नसतंच जमलं मला. पण जीव टांगणीला लागलाय, हेही खरं.
संध्याकाळी भाकरी टाकत होते. अण्णा फिरून आले, दार उघडंच होतं, तरी काठी टेकून बाहेर थांबले आणि म्हणाले त्यांचं ते वाक्य. इतक्या वर्षांनी. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "या की, कुणी अडवलंय."
अण्णांनी काठी भिंतीला लावली. मग चपला काढून आत आले.