एका डावाचा खर्च

अंबाजोगाई,
रविवार, दुपार

प्रिय सायली,

सोमवारी संगीताचा मेसेज आला. तुझी नणंद मला कधी मेसेज करेल असं वाटलं नव्हतं. नंबर तुझ्याकडूनच घेतला असणार. तिला आता आपल्या चित्रांच्या कार्डांच्या खेळासाठी स्वतःचा डेक, म्हणजे निवडून जमवलेल्या कार्डांचा गठ्ठा, बांधायचा आहे. कुठला फॉरमॅट, म्हणजे खेळाचा कुठला प्रकार, घेऊ आणि खर्च किती येईल, असं विचारते आहे. शेवटी लिहिलंय, ‘वहिनी म्हणती, सत्यशीलाताईला विचार, तिला लई माहिती हाय.’ उत्तर तिला पाठवायचं सोडून मी तुला लिहायला बसले आहे. का, ते मला अजून नीट मांडता येत नाही. म्हणून आधी तिच्या प्रश्नाचं बघते.

स्टँडर्ड हा फॉरमॅट तिने अजिबात घेऊ नये. त्यात फक्त गेल्या दोन-तीन वर्षांत छापलेली कार्डं चालतात. बरा डेक पंधरा ते वीस हजारांना पडतो आणि नवे संच आले की जुनी कार्डं बाद होतात. कार्डाला काहीही झालेलं नसतं, कोपरासुद्धा दुमडलेला नसतो, तरी ते चालत नाही. मी हॉस्पिटलमध्ये सलाईनचे पंप तपासते. तिथे एखादा पंप बाद करायचा तर कारण लिहावं लागतं आणि तीन जणांच्या सह्या लागतात. इथे नुसती तारीख पुरते. हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही.

ड्राफ्ट मात्र मला आवडतो. प्रत्येकाने तीन बंद पाकिटं घ्यायची, एक फोडून त्यातलं एक कार्ड ठेवायचं, बाकीची शेजारच्याकडे सरकवायची, आणि असं करत जे हाती येईल त्यातून तिथल्या तिथे डेक बांधायचा. पैसेवाला आणि बिनपैशाचा, दोघांची सुरुवात सारखीच. खर्च बाराशेच्या आसपास. पण त्याला सहा-आठ जण लागतात. बीड जिल्ह्यात माझ्या माहितीतले खेळाडू चार. त्यातल्या तिघी तुमच्या घरात राहतात.

गेल्या फेब्रुवारीत मी त्यासाठी पुण्याला गेले होते. आदल्या दिवशी जाऊन मामेबहिणीकडे मुक्काम केला. दुकानात बावीस जण होते, मुली दोन, मला धरून. तीन फेऱ्या खेळले, दोन जिंकले, बक्षीस म्हणून एक पाकीट मिळालं. कुणी वाईट वागलं नाही. समोरचा ‘तुमची पाळी’ म्हणायचा, डाव संपला की हात मिळवायचा आणि पुढच्या टेबलावर जायचा. परतीच्या गाडीत लक्षात आलं की दिवसभरात मी चाळीसेक शब्द बोलले असेन आणि त्यातले निम्मे कार्डांची नावं होती. बक्षिसाचं पाकीट अजून फोडलेलं नाही. त्यातलं कार्ड दाखवायला समोर कुणीतरी हवं.

राहिला आपला फॉरमॅट. फक्त साधी कार्डं, दहा रुपयांच्या वरचं एकही नाही. संगीताला मी हाच सुचवला असता. दोन माणसं पुरतात आणि हजार रुपयांत दोघांचं भागतं. होस्टेलच्या त्या खोलीत आपण चार वर्षं दुसरं काही खेळलो नाही. मी एका चालीला पाच-पाच मिनिटं घ्यायचे आणि तू म्हणायचीस, ‘सत्ये, तू विचार कर, तोवर मी मेसमधून जेवून येते.’ एकदा खरंच जाऊन आलीस, आणि मी अजून तिथेच होते.

तुझा डेक माझ्याकडेच आहे. लग्नाच्या आधी माझ्या हातात देताना म्हणाली होतीस, ‘सासरी पत्ते नेले तर पहिल्याच दिवशी जुगारी ठरेन.’ मी तो तसाच ठेवला आहे, एक कार्ड बदललेलं नाही. दुपारच्या सुट्टीत कधीकधी तुझा आणि माझा, दोन्ही डेक मीच खेळते. वर्कशॉपच्या टेबलावर मांडलेला डाव एकदा आमच्या अजिनाथमामांनी पाहिला. ते वॉर्डातली बिघडलेली मशीन्स माझ्याकडे आणून देतात. बराच वेळ बघून म्हणाले, ‘मॅडम, दोन्हीकडून तुमीच खेळताव, मग हारतंय कोण?’ मी सांगितलं, आळीपाळीने. ते म्हणाले, ‘म्हंजे रोज तुमीच.’ आणि पंप टेबलावर ठेवून गेले. त्या दिवशी दुपारभर माझी रीडिंग चुकत होती.

आता तुमच्या फॉरमॅटबद्दल. तिघा-चौघांचा, प्रत्येकाची शंभर कार्डं, त्यातलं एक बाकीच्यांचा म्होरक्या. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तू मला लिहिलं होतंस की शिकवणीच्या पैशातून तू चार तयार डेकचा खोका घेतला आहेस, संगीता शिकली आहे, पंचमीला ये, तिघी बसू. तुझ्या सासूबाईंचं, तुळजाबाईंचं, बोलणंही तू जसंच्या तसं उतरवलं होतंस. आधी म्हणाल्या होत्या, ‘ह्यात राजा न्हाई, गुलाम न्हाई, मग पैशे कशावर लावत्यात?’ आणि दोन दिवसांनी, ‘बसा, पर दार लावून बसू नका. मला बी दिसू द्या.’ एवढं मिळवायला तुला किती दिवस लागले असतील, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी तुला उत्तरादाखल एक तक्ता पाठवला. किंमत साडेचार हजार. यातली इतर फॉरमॅटमध्ये चालणारी कार्डं नऊ. एका डावाला लागणारा वेळ दीड ते दोन तास. निकाल कार्डांपेक्षा बोलण्यावर ठरतो, हा दोष. वर्षाला फार तर बारा डाव धरून एका डावाचा खर्च तीनशे पंचाहत्तर. खाली निष्कर्ष, ‘खरेदी चुकली आहे. दुकानदार परत घेतो का बघ.’ येणार की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. तुझं उत्तर आलं, ‘बरं.’ त्यानंतर आपण एकमेकींना दिवाळीच्या शुभेच्छा देतो.

ते आकडे मी मन लावून काढले होते, पण त्यांच्यामागचा माझा राग कार्डांवर नव्हता. तुझ्या मेसेजमध्ये ‘संगीता शिकली’ हे दोन शब्द होते आणि मी त्यापुढचं नीट वाचलंच नाही. मला वाटलं होतं, तू सासरी गेलीस म्हणजे तुझा खेळ थांबला, जसा माझा थांबला. तुला समोर बसायला दुसरं कुणी मिळालं, हे मला सहन झालं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःलाही या आठवड्यातच सांगितलं.

कारण संगीताने मेसेजमध्ये सहज लिहिलंय की तुमचे आतापर्यंत दोनशेच्या वर डाव झाले. तुळजाबाईही आता बसतात, प्रत्येक वेळी त्याच बोकडाच्या चित्राचा म्होरक्या घेतात आणि हरायला लागल्या की ‘माझ्या चुलीवर दूध हाय’ म्हणून उठतात. मी जुना तक्ता काढून आकडा बदलला. एका डावाचा खर्च साडेबावीस रुपये. मग माझाही काढला. तुझ्या लग्नानंतर समोर माणूस असलेले माझे डाव तीन, सगळे पुण्याचे. प्रवास आणि पाकिटं धरून प्रत्येकी नऊशे ऐंशी. वर्कशॉपमधले मी धरले नाहीत. ते धरायचे नसतात. खरेदी चुकली असं मी जिला सांगितलं होतं, ती चुकली नव्हती.

संगीताचं उत्तर एका ओळीचं आहे. तिने नवा डेक बांधू नये, घरात जो फॉरमॅट चालतो तोच खेळत राहावं. ते मी तिला आत्ता, हे लिहिता लिहिता कळवलं. हे पत्र त्यासाठी नाही. मंगळवारी मी तसाच एक खोका मागवला. तो काल आला, नियमांची पुस्तिका दोनदा वाचली. समोर तिघी असताना हल्ला कुणावर करायचा हे कसं ठरवतात, ते तिच्यात कुठेच दिलेलं नाही. बहुतेक ते बसल्यावरच कळत असावं. पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने निघून, बीडला बदलून, साडेअकरापर्यंत मी गेवराईला पोचू शकते. त्या पंचमीचं बोलावणं मी तेव्हा घेतलं नाही. ते अजून असेल, तर मला यायचं आहे. ‘बरं’ एवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझीच,
सत्यशीला