उंबऱ्यातून दिसलेला कोन

आई, आमच्या हॉस्पिटलात नवं यंत्र आलंय. किरण कुठल्या कोनातून सोडायचे हे ते स्वतःच ठरवतं, आपला चहा संपायच्या आत. मी अजून हातात पेन्सिल धरून पडद्यासमोर बसते म्हणून हाताखालची पोरं हसतात. हसू देत. तुझ्या आजारपणाच्या वेळचा कॉम्प्युटर एवढा शहाणा नव्हता. कोन आपण सुचवायचा आणि त्याने फक्त रेषा काढून दाखवायचं, किरण किती पोचतील आणि वाटेत काय काय भाजतील.

मशेरीने तुझा डावा गाल धरला, कॅन्सर निघाला, तेव्हा मला हॉस्पिटलातल्या नोकरीत जेमतेम पाय रोवता आले होते. तुझ्या चेहऱ्याभोवती शिशाची मऊ तार वळवून तो आकार मी कागदावर उतरवला. तू कागद बघून म्हणालीस, "ह्यां माझां तोंड? ह्यो तर फणस." मी हसले नाही म्हणून रागावलीस. आमच्या सरांचं म्हणणं सरळ होतं, नेहमीसारखे दोन्ही बाजूंनी किरण द्यायचे. त्यात चूक काहीच नव्हतं. पण तसं केलं की दोन्हीकडच्या लाळेच्या ग्रंथी सुकतात, आणि ती कोरडी तोंडं मी वॉर्डात रोज बघत होते. भाताचा घाससुद्धा पाण्याशिवाय उतरत नाही. भाकरी आणि सुका बांगडा चावता चावता चाळीतल्या सगळ्यांशी भांडून आलेली बाई तू. तुझं तोंड तसं झालेलं मला सोसलं नसतं.

म्हणून चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या त्या गारठलेल्या खोलीत मी कोनामागून कोन देत बसायचे. दोन्ही झोत डावीकडूनच, एक पुढून, एक मागून तिरका. कधी उजवी ग्रंथी आड यायची, कधी मणक्यातला मज्जारज्जू. सर एकदा म्हणाले, "आई तुझी आहे म्हणून गणित बदलत नाही गं." फार लागलं मला ते. खरं होतं म्हणूनच लागलं असेल.

मग तो रविवार. मुलुंडचं आपलं स्वयंपाकघर, तू विळीवर नारळ खवते आहेस, आणि मी उंबऱ्यात बसून लसूण सोलते आहे, तुझ्या मागे, जरा डावीकडे. शाळेचा सगळा अभ्यास मी तिथेच बसून केला. तिथून तुझा डावा गाल अख्खा दिसतो, खवताना हलताना दिसतो, आणि उजवा अजिबात दिसत नाही. माझा हात थांबला.

"काय बघतंस गो?"

"काही नाही."

सोमवारी मी मागच्या झोताला तोच कोन घातला. यंत्राने सावकाश एकेक रेषा काढली आणि त्या डाव्या गालाभोवती आवळत गेल्या. मज्जारज्जू बाहेर राहिला, उजवी ग्रंथीही बाहेर. मी तिथेच रडले. सरांनी सगळं पुन्हा हाताने मोजून पाहिलं आणि मगच सही केली.

तुला ती खोली बघायची होती. अनवाणी आत आलीस, कॉम्प्युटरला हात जोडलेस आणि मला विचारलंस, "ह्यां कोणी ठरवल्यान? तू काय मशीनान?" मी उत्तर द्यायच्या आत तूच म्हणालीस, "मशीनान ठरवल्यान तर बरां. तू ठरवलंस आणि कायतरी वाकडां झालां, तर जन्मभर जीवाक खात रवतलंस." मी म्हटलं, मशीनने.

पुढे किरणांनी तोंड सोललं, तू मला शिव्या घातल्यास, आणि काही महिन्यांनी एका दुपारी पाण्याला हात न लावता भाकरी खाल्लीस. अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरलीस की कॉम्प्युटरने वाचवलं. पुढे कित्येक वर्षांनी हृदयाने दगा दिला, त्या आठवड्यातही डाळीत मीठ कमी म्हणून मला बोललीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मशीनने फक्त हो म्हटलं होतं. कोन माझा होता, आई. जेवताना मी तुझ्या तोंडाकडे टक लावून बसायचे, आणि तू शेजारणींना सांगायचीस, लेकीची किती माया. माया होतीच. पण दर घासाला मी बघत असायचे ते माझा कोन चुकला असेल या भीतीने, तू मरेपर्यंत.